प्रीतमच्या घरी वर्दीत

सेक्शन कमांडरला आपल्या जवानांबद्दल काय काय माहीत असावं, या विषयावर मी भाषण देऊ शकतो. दिलेलंही आहे! कुणाच्या टाचेला भेग आहे, कोण झोपेत बोलतो, कुणाच्या बापाला दमा आहे, कोण बूट ओले असताना कोरडे म्हणून सांगतो. माझ्या हाताखाली दहा माणसं. "मी त्यांना त्यांच्या आयांपेक्षा जास्त ओळखतो साहेब," असं मी नव्या लेफ्टनंट साहेबांना छाती फुगवून सांगितलं होतं. साहेब वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांनी आदराने मान हलवली.

त्यानंतर आमचा प्रीतम गप्प झाला.

प्रीतम औशाकडचा, मी लोह्याचा. बर्फातल्या पोस्टवर करमणूक म्हणजे एकमेकांची टिंगल, आणि माझी नक्कल करण्यात प्रीतमचा हात कुणी धरत नसे. मी परेडवर खोकतो कसा, हेसुद्धा तो करून दाखवायचा. ते सगळं बंद झालं. ताटातलं जेवण ताटात राहू लागलं.

"काय झालंय रे?"

"काय न्हाई उस्ताद. समदं ठीक हाय."

हातात रायफल आणि तोंडात हे वाक्य, असा एक माणूस मी पूर्वी पाहिला होता. दुसऱ्या पलटणीत. त्याची पेटी बांधून घरी पाठवायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यामुळे मी प्रीतमच्या बडीला, म्हणजे पहाऱ्यावरच्या जोडीदाराला, नागसेनला, बाजूला घेऊन सांगितलं, "याला एकटं सोडायचं नाही. पहाऱ्यावर नाही, संडासला नाही, कुठंच नाही."

मी सुट्टीवर निघत होतो. धर्माबादला माझ्या मेव्हणीचं, उज्वलाचं लग्न होतं. निघताना प्रीतमला म्हणालो, "आधी औशाला उतरतो. तुझ्या घरी जाऊन येतो."

"नको उस्ताद!" तो जवळजवळ ओरडला.

नको म्हणतोय, म्हणजे दुखणं घरातच आहे! गुन्हे शाखेचा अधिकारी लाजला असता इतक्या झटकन मी हे ओळखलं. आता फक्त त्याला छळणारा माणूस कोण, एवढंच शोधायचं होतं.

लातूरला उतरलो. स्टेशनवरच अंघोळ केली आणि कडक इस्त्रीची वर्दी चढवली. छातीवर सगळ्या फिती. बूट असे चमकवले की त्यात बघून दाढी करावी! घरच्यांना वाटलं पाहिजे की पोराचा वरिष्ठ आला. खांद्यावर माझी काळी लोखंडी पेटी घेतली आणि औशामार्गे प्रीतमच्या गावच्या फाट्यावर उतरलो.

फाट्यावर धोंडाबाईंचं चहाचं दुकान. दुकानाबाहेर बाकावर चारपाच माणसं.

"मावशी, प्रीतमचं घर कुठं?"

"कोण्या प्रीतमचं?"

"मिलिटरीतल्या."

धोंडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पेटीकडे पाहिलं. मग उकळता चहा तसाच सोडून स्टोव्ह बंद केला. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. एकाने तंबाखू थुंकली आणि डोक्यावरचा रुमाल काढला.

फौजीला गावात मान असतो हे मी ऐकून होतो. पण इतका!

मी पुढे चाललो, तशी माणसं मागे चालू लागली. कुणी बोलत नव्हतं. पिठाची गिरणी बंद झाली. शाळेतले गुरुजी दारात येऊन उभे राहिले. बौद्धवाड्यात शिरेपर्यंत माझ्यामागे निम्मं गाव होतं आणि मी मनात म्हणत होतो, प्रीतम्या, तुझ्या गावाला शिस्त आहे बाबा!

अंगणात प्रीतमचे वडील व्यंकटी बाजेवर बसले होते. आई, कोंडाबाई, ज्वारी निवडत होती. दारात त्याची बायको प्रियदर्शनी उभी होती, दिवस भरत आलेली, एक हात कमरेवर. मी पेटी खाली ठेवली. ऊन असं होतं की टाळू भाजून निघाली होती, म्हणून टोपी काढून काखेत धरली. मग टाचा जुळवून व्यंकटींसमोर कडक सावधान उभा राहिलो.

व्यंकटींच्या तोंडचं पाणी पळालं.

वाक्य मी रेल्वेतच तयार केलं होतं. कुणी दचकू नये म्हणून आवाज मऊ ठेवला. "मी प्रीतमचा सेक्शन कमांडर. प्रीतमबद्दल बोलायचं होतं. आधी तुम्ही सगळे खाली बसून घ्या."

कोंडाबाईच्या हातातलं सूप पडलं. तिने जी किंकाळी फोडली, ती मी आजही कधीकधी ऐकतो. मागून बायकांचा एकच आकांत उठला. आणि तेव्हा, सगळ्या गावाला फाट्यावरच जे कळलं होतं, ते मला कळलं.

"अहो, जिवंत आहे! प्रीतम जिवंत आहे!" मी ओरडलो.

"बघा बिचाऱ्याला," कुणीतरी म्हणालं. "डोक्यावर परिणाम झालाय. डोळ्यांदेखत गेला असंल."

"अहो, मी सुट्टीवर आलोय!"

"मंग त्याची पेटी कशाला आणलाव?"

"ही माझी पेटी आहे!"

"असू द्या साहेब," त्या माणसाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "रडा. मोकळं व्हा."

एवढ्यात मोटारसायकलवरून सरपंच शेषेराव उतरले. एका कानाला मोबाइल होता, दुसरा हात नमस्काराच्या तयारीत. "फ्लेक्सवाल्याला फोटो धाडलाय. ट्रॅक्टर धुवायला सांगितलाय. व्यंकटी, तू काळजी करू नको. स्मारक येशीवर! अन् ह्या गल्लीला सिमेंटचा रस्ता. शहीद प्रीतम मार्ग!"

कोंडाबाईने रडता रडता मान वर केली. "निवडून आल्यापस्नं ह्या गल्लीत पाय टाकला न्हाईस शेषेराव. माझं लेकरू मरायची वाट बघून राहिला होतास का?"

शेषेरावांनी फोनवर कुणाला तरी फुलं झेंडूचीच पाहिजेत असं सांगितलं.

या गदारोळात एकच माणूस रडत नव्हतं. प्रियदर्शनी भिंतीला टेकून खाली बसली होती. वर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. तिचे डोळे कोरडे होते. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"ताई, माझ्याकडं बघा. तो जिवंत आहे. माझं वागणं चुकलं. टोपी काढली ती उन्हामुळं."

"मीच म्हणले होते," ती म्हणाली. "आता मेलास तरी मला कळवू नको म्हणले होते. फोनवर."

"ताई, तो जिवंत आहे."

"पहिल्यांदा असंच सांगतेत." तिने माझ्याकडे पाहिलं. "मागल्या बारीला लेकरू झालं तवाबी सांगितलं, जिवंत हाय, काचेच्या पेटीत ठेवलंय. रातभर सांगितलं. ते मला बघूबी दिलं न्हाई. हे आले मातीच्या तिसऱ्या दिवशी. ह्या बारीला म्हणले होते, कायबी होऊ दे, बाळंतपणाला मी उशाशी असतो. म्हणून मी माहेराला गेले न्हाई."

प्रीतमचं पहिलं मूल गेलं, हे मला माहीत नव्हतं! त्याच्या टाचेची भेग मला पाठ होती. त्या वेळी तो दुसऱ्या सेक्शनमध्ये होता खरा, पण विचारायला काय पैसे पडत होते?

एकाएकी तिने ओठ आवळले आणि पोट धरलं. धोंडाबाई पुढे झाल्या, पोटावर हात ठेवून बघितलं आणि माझ्यावर कडाडल्या, "कळ आली हिला! अवो फौजी, जिवंत हाय तर आवाज ऐकवा त्याचा! लावा फोन! न्हाईतर एकाच्या जागी दोन जीव जातील इथं!"

मी मोबाइल काढला. आमच्या पोस्टवर मोबाइल चालत नाही. पलटणीच्या एक्स्चेंजला फोन लावायचा, ते पुढे तारेने जोडून देतात. कुणाचा माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून सगळ्यांनी मला स्पीकर चालू करायला लावला. फोन ज्वारीच्या सुपावर ठेवला आणि सगळं गाव त्यावर वाकलं.

पोस्टवर नागसेनने उचलला.

"नागसेन, प्रीतमला दे! लवकर!"

"उस्ताद?" मध्ये वाऱ्यासारखी खरखर. "प्रीतम इथं न्हाई उस्ताद."

"कुठं आहे?"

"ठाऊक न्हाई. मी जरा पाठ फिरवली अन्..."

फोन कटला.

कोंडाबाई पुन्हा रडू लागली, पण या वेळी मी तिला थांबवलं नाही. त्या अंगणात प्रीतम जिवंत असल्याचं जाणणारा मी एकटाच होतो, आणि आता तोही राहिलो नाही. मला ती दुसऱ्या पलटणीतली पेटी दिसली. मी टोपीने तोंड झाकून घेतलं. मघाशी पाठीवरून हात फिरवणारा माणूस शेजारी येऊन बसला आणि पुन्हा हात फिरवू लागला.

मी फोन लावत राहिलो. लाइन लागत नव्हती. प्रियदर्शनीला दुसरी कळ आली. तिने दाताखाली पदर धरला होता. शेषेरावांचा फ्लेक्सवाला फोनवर विचारत होता, फोटो टोपीतला घेऊ का बिनटोपीचा?

मग फोन लागला. धापा टाकण्याचा आवाज आला.

"उस्ताद?"

"प्रीतम! कुठं मेला होतास रे!"

"खाली पाणी आणाया गेलतो. उस्ताद, खरं सांगा. कोण गेलं?"

"काय?"

"सुट्टीवर गेलेल्या माणसाचा असा अवेळी फोन कशापायी येतो, मला कळत न्हाई का?" तो हमसून रडत होता. "माय गेली का? का प्रिया? लेकरू? सांगा उस्ताद, मी खाली बसलोय!"

तिकडे तो रडत होता, इकडे सगळं गाव. कोण कुणासाठी रडतंय हे ठरवायला थोडा वेळ गेला. कोंडाबाई फोनवर तोंड टेकवून ओरडली, "मी हाय रे! मी हाय! तू हायस का?"

"हाव माय, मी हाय!"

प्रियदर्शनीने सूप आपल्याकडे ओढलं.

"मेला न्हाईस?"

"न्हाई."

"मंग फोन का केला न्हाईस?"

"तूच म्हणलीस, मेलो तरी कळवू नको. मंग जित्यापणी काय कळवू?"

"ते बरं ऐकलास! सुट्टी कुणाला देऊ नको म्हणले, ते ऐकलं न्हाईस!"

"कसं न्हाई म्हणू प्रिया? एका टायमाला सेक्शनचा एकच माणूस सुटतो. समद्यांसमोर इचारलं मला, महिनाभरानं गेलास तर चालतंय ना? वरच्या माणसाला समद्यांसमोर न्हाई म्हणता येतंय का?"

"कोण हाय त्यो मुडदा?" तिचा आवाज चढला. "मेव्हणीच्या लग्नात मिरवायला माझ्या बाळंतपणाची सुट्टी खाल्ली त्यानं! जेवण जातं का त्याला? माझ्यासमोर आण त्याला एकदा!"

"प्रिया, हळू बोल."

"का हळू?"

"प्रिया, तू फोन कुणाचा घेतलीस?"

निम्म्या गावाने माना वळवून माझ्याकडे पाहिलं. पाठीवरून फिरणारा हात थांबला, आणि मग काढून घेतला गेला.

मी विचारलं होतं. खरंच सगळ्यांसमोर विचारलं होतं. तो म्हणाला होता, चालतंय उस्ताद. आणि मी सेक्शनमध्ये केवढा एकोपा आहे म्हणून खूश झालो होतो!

मी तिथूनच लेफ्टनंट साहेबांना फोन लावला. माझी सुट्टी रद्द करा, मी परत निघालो, प्रीतमला आजच खाली सोडा. साहेबांनी कारण विचारलं. मी सांगितलं.

"हवालदार, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही साहेब."

साहेबांनी प्रीतमच्या सुट्टीची नोंद केली आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कळा कच्च्या निघाल्या. धोंडाबाई म्हणाल्या, अजून अवकाश हाय, बाप पोचंल. शेषेराव ट्रॅक्टर परत पाठवून मोटारसायकलला किक मारत होते. व्यंकटी इतक्या वेळात पहिल्यांदा बोलले.

"सरपंच, मंग रस्ता?"

"बघू," शेषेराव म्हणाले. "पुढल्या बजेटात."

मी टोपी घालून पेटीला हात लावला, तर कोंडाबाई आडवी आली. "असा कुठं निघालास?"

"औशाला जातो. बस धरतो."

"ह्या कपड्यावर? गावात अजून तीन पोरं मिलिटरीत हायत. त्यांच्या माया दारात उभ्या हायत. तू येताना त्यांनी तुला बघितलंय, अजून पाणी प्याल्या न्हाईत त्या. काढ आधी ते!"

माझे साधे कपडे मी स्टेशनवरच धुऊन ओले पेटीत कोंबले होते. त्यामुळे व्यंकटींचा पायजमा आणि सदरा अंगावर चढला. पायजमा पोटऱ्यांपर्यंत, खाली चमकणारे बूट. पेटीवर गोणपाट टाकलं. कोंडाबाईने दोन भाकरी बांधून दिल्या. मागच्या वाटेने, ओढ्यातून, मी फाट्यावर आलो.

बसमध्ये शेजारी एक म्हातारी बसली होती. सुकन्याला, म्हणजे माझ्या बायकोला, लग्नाला येत नाही हे कसं सांगावं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. म्हातारी आपणहून बोलू लागली.

"माझा पोरगा मिलिटरीत हाय. लई दिस झाले, फोन न्हाई त्याचा."

"रेंज नसते मावशी तिकडं. बर्फात तारा तुटतात. काळजी करू नका."

तिने माझा आखूड पायजमा वरून खालपर्यंत पाहिला.

"तुला रं काय ठाऊक?"

"ऐकून हाय," मी म्हणालो, आणि बूट सीटखाली ओढून घेतले.