चौथ्या पिढीची उंची

मालवाहू गाडी पिढीगणिक सुधारत जाते, माणसासारखी बिघडत नाही, असं दादांचं ठाम मत होतं. वडिलांनी पहिल्या छोट्या ट्रकच्या मापाने शेड बांधली. दुसरा ट्रक आरसे मिटून आत शिरला. तिसऱ्यासाठी दादांनी दाराची चौकट तासली. चौथा परवा घरी आला, आणि आज सकाळी दादांचं मत बदललं.

ट्रक बाहेर निघेना. मागच्या डब्याचं छप्पर तुळईला अडलं होतं. दहाला नवा दवाखाना उघडणार होता आणि त्याची कपाटं दादांच्या कारखान्यात वाट बघत होती. ती वेळेवर पोचली नाहीत तर पुढचं सगळं काम दुसऱ्या सुताराकडे जाणार होतं.

"आत शिरला, मग बाहेर का येत नाही?" दादा तुळईवर ओरडले.

"शिरला तेव्हा फरशांनी भरला होता, दाबून बसला होता," मेहुणा म्हणाला. "रिकामा झाल्यावर उठला."

"मग भरा फरशा परत!"

"त्या स्वयंपाकघरात बसवून झाल्या," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "उखडायच्या असतील तर आधी मला उखडा."

"चाकांतली हवा काढू?" मेहुण्याने विचारलं.

"आणि भरायला पंपापर्यंत काय तू खांद्यावर नेणारेस?" दादा म्हणाले.

दादांनी शोरूमला फोन लावला. "उंची कोणाला विचारून वाढवली?"

"चार बोटंच वाढवलीय, साहेब. या पिढीत माल जास्त मावतो."

"माल मावतो हो! गाडी मावत नाही!"

शेवटी दादांनी गल्ली गोळा केली. शिंपी आला, शिकवणीच्या बाई आल्या, वरच्या मजल्यावरचे जाडजूड वकील आले तेव्हा तर टाळ्या पडल्या. सगळे डब्यात दाटीवाटीने बसले. ट्रक हळूहळू खाली बसला आणि तुळईला न शिवता बाहेर आला.

"तुझ्या वडलांच्या गाडीला हँडल मारायला एक माणूस पुरायचा," आई ओट्यावरून म्हणाली. "याला अख्खी गल्ली लागते. सुधारणा म्हणायची!"

"आई, तू गप्प बस!"

कपाटं वेळेवर पोचली. संध्याकाळी दादा रिकामा ट्रक घेऊन शेडसमोर आले आणि त्यांनी रुबाबात हॉर्न वाजवला. एकेक करून गल्लीतल्या खिडक्या बंद झाल्या. सर्वांत आधी वकिलांची.

ट्रक आता रस्त्यावर असतो. शेडमध्ये मेहुण्याची सायकल असते.