किसनरावांची दुसरी बायको

वच्छला स्टुडिओत शिरली आणि तिने हातातला फोटो शकूरच्या टेबलावर आपटला.

"हे बाई कोण हाय?"

शकूरने फोटो उचलून पाहिला. फोटो त्याच्याच हातचा. खुर्चीत देऊळघाटचे किसनराव, मिशांना पीळ भरून बसलेले, आणि शेजारी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी त्यांची बायको गोजरबाई. मागे त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'किसनराव व सौ.'

"तुमची आई हाय ना," शकूर म्हणाला.

"माह्या आईले मी वळखत नाही काय? हे पोरगी माह्याऊन लहान दिसते!"

तिच्यामागून किसनराव आत आले, आणि त्यांच्यामागून डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेली गोजरबाई.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हाची ही गोष्ट. मलकापूरला स्टेशनच्या रस्त्यावर शकूरचा स्टुडिओ होता. त्या काळी फोटो काढणं म्हणजे घरातलं एक कार्यच असे. माणसं ठेवणीतले कपडे घालून, गाडी जुंपून यायची. शकूर काळ्या कापडात डोकं घालून "श्वास धरा" म्हणाला की काही जण असा धरायचे की फोटो निघाल्यावर त्यांना हलवून सोडायला सांगावं लागे. किती भाबडी माणसं होती ती! आता कोणी फोटोसाठी श्वास धरत नाही, आणि फोटोकडे तितक्या कौतुकाने पाहतही नाही.

शकूर मात्र भाबडा नव्हता. त्याला आपल्या पेन्सिलीचा गर्व होता. काचेच्या निगेटिव्हवर तो अशी बारीक पेन्सिल चालवायचा की छापलेल्या फोटोत देवीचे वण जायचे, गालांचे खड्डे भरून निघायचे. नागपूरच्या त्याच्या उस्तादाने बजावलं होतं, "पहिले एक साधी कॉपी काढून ठेव, मग निगेटिव्हले हात लाव." पण हात बसल्यावर उस्तादाचं कोण ऐकतं? किसनराव कापूस विकायला आले तेव्हा पहिल्यांदाच बायकोला सोबत घेऊन आले होते. लोणारला दिलेल्या लेकीने आईबापाचा फोटो मागितला होता. शकूरने मन लावून गोजरबाईच्या सुरकुत्या काढल्या, गळ्याच्या वळ्या काढल्या, आणि त्याच भरात कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदणही काढून टाकलं. त्याला वाटलं, चेहरा साफ झाला. मग त्याने एक प्रत परस्पर लोणारला पोस्टाने धाडली आणि दुसरी काच लावून देऊळघाटला.

लोणारला वच्छलाने पाकीट उघडलं. सासू खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "तुह्या बापानं दुसरी केली वाट्टे." वच्छलाने एसटी धरली. देऊळघाटला उतरून तिने घरात पाय ठेवला तो, "बाबा, सरकारनं कायदा केला तरी तुमाले लाज नाही वाटली?" असं म्हणतच. चुलीपुढे गोजरबाई भाकरी थापत होती. काच लावलेला फोटो तोवर किसनरावांनी कौतुकाने कागदातच ठेवला होता. तो उघडला गेला, गोजरबाईने पिठाच्या हाताने धरून पाहिला आणि ती हळूच म्हणाली, "मी पडद्यामागं पदर सावराले गेली होती, तवा कोणाले उभी केली तुमी?"

किसनरावांनी बैलांची शपथ घेतली, पण तेवढ्याने भागलं नाही. म्हणून ही वरात मलकापूरला आली होती.

शकूरने घाम पुसत सगळं खरं सांगून टाकलं. पेन्सिल दाखवली, निगेटिव्ह दाखवली. सवतीचा प्रश्न मिटला, पण गोजरबाई पदराआडून कडाडली.

"गोंदण काढलं? मेल्यावर सोनंनाणं अठीच राह्यते, गोंदण तेवढं संगं येते. अन् तू ते मिटवलं? मी गावोगाव सांगतो, अठी बायाचे चेहरे चोरतात म्हणून!"

ती सांगेल यात शकूरला शंका नव्हती. बायका स्टुडिओत यायला लागल्या होत्या त्या त्याची बायको सायरा आत पडद्यामागे असते म्हणून. गोजरबाईने तोंड उघडलं तर देऊळघाटपासून मलकापूरपर्यंत एकही बाई पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी राहणार नव्हती, आणि नुसत्या पुरुषांच्या मिशांवर स्टुडिओ चालत नाही.

"आता पुसून देतो, जसं होतं तसं!" म्हणत त्याने टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि काच घासली. घाईत जरा जास्तच घासली. पेन्सिल बसावी म्हणून काचेवरचा थर त्याने आधीच खरवडला होता. तो पेन्सिलीबरोबर निघून आला. गोंदण परत आलं नाहीच, नाकही गेलं.

"या अल्ला," पडद्याच्या फटीतून पाहणारी सायरा पुटपुटली.

"काही हरकत नाही!" शकूर आता रडकुंडीला आला होता. "छापलेल्या फोटोवरच ब्रशानं गोंदण पुन्हा काढतो. मावशी, पदर थोडा वर करा."

"नाही करत. तू पाह्यलं होतं ना? काढ."

शकूरला काही आठवेना. त्याने किसनरावांकडे पाहिलं.

"चंद्र हाय कपाळावर," किसनराव ठामपणे म्हणाले.

"चंद्र कुठचा? तुळस हाय!" वच्छला म्हणाली.

"हनुवटीवर तीन टिपके."

"एकच हाय, बाबा!"

"दोघंबी चुकले," पदराआडून आवाज आला. "वळखलं मी. इतकी वर्षं पुढ्यात ताट ठेवलं, अन् कोणी वर पाह्यलंच नाही."

शकूरवरची तोफ किसनरावांवर वळली होती, पण त्याला त्याचा आनंद झाला नाही. किसनरावांनी टेबलावरचा फोटो उचलला. बराच वेळ पाहत राहिले.

"गोंदण नाही सांगता येत मले," ते म्हणाले. "पण हिले मी पाह्यलं हाय."

"कोठी?" वच्छला पुन्हा पेटली.

"तुह्या आजाच्या आंगणात. बैल पाहाले गेलो होतो. हे गुरांले कडबा टाकून राह्यली होती. गोंदण तवा नव्हतं, सोयरीक जमल्यावर गोंदलं तिच्या मायनं. बैल नव्हता आवडला मले. तरी तीन खेपा गेलो बैल पाहाले."

पदर हलला. मग हळूहळू वर गेला. कपाळावर ना चंद्र होता ना तुळस. दोन मोर होते, चोचीला चोच लावून. गोजरबाईने डोळे पुसले आणि शकूरला म्हणाली, "काढ फोटो. पेन्सिल लावशीन तर पाह्य."

त्या फोटोला शकूरने पेन्सिल लावली नाही. मोरांसकट सगळ्या सुरकुत्या लोणारला गेल्या आणि वच्छलाच्या सासूने विहिणीला ओळखलं. जुना फोटो किसनरावांनी लेकीकडून मागून घेतला.

पुढे कापसाच्या दुसऱ्या खेपेला गोजरबाई पुन्हा आली. किसनरावांना बाहेर बाकावर बसवून ती पडद्यामागे सायराजवळ गेली.

"त्या फोटोतून सोताले कापून टाकलं त्याइनं, अन् त्या पोरीले खिशात ठेवलं. येता जाता पाह्यतात. जेवाले बसले तरी पाह्यतात."

"मावशी, ते तुम्हीच हाय ना!"

"असू दे. मले नाही खपत." गोजरबाईने आवाज खाली आणला. "आता त्याइचा एक फोटो काढा. लग्नात त्याइले मिशी नव्हती. तुह्या नवऱ्याले सांग, पेन्सिलीनं मिशी काढून टाक म्हणा. मंग मीबी ठेवतो बटव्यात."

सायराने तोंडावर ओढणी धरली. "पण मावशी, वच्छलानं पाह्यलं तर? आईनं दुसरा केला म्हणून पुन्हा एसटी धरून येईन ते!"

"येऊ दे," गोजरबाई म्हणाली. "तेवढेच चार दिवस माहेरी राहीन लेक."