जावईबापूंचं जड चाक

सासऱ्यानं दिलेली सायकल जड चालते, ही गोष्ट बजरंगनं सहा महिने कुणाला सांगितली नव्हती. सांगणार कुणाला? लोणावळ्याच्या रेल्वे शेडमधले सोबती दात काढणार, आणि बायको नंदा तर माहेरच्या पापडाला कुणी खारट म्हटलं तरी डोळ्यांत पाणी आणणारी. तिनं दिवाळीतच बजावलं होतं, "माज्या आबांनी खोंड इकून सायकल दिलीया. तिला नाव ठेवलंत, कुना मिस्त्रीला दावलीत, तर मी वडिवळ्याला जाऊन बसंन. मागारी येनार न्हाई." त्यामुळे सासरे हौशीराम भेटले की बजरंग छाती पुढं काढून म्हणायचा, "वाऱ्यावानी पळती, मामा!" आणि घरी येऊन पोटऱ्या चोळत बसायचा.

चौतीस साली अधिक वैशाख आला आणि वडिवळ्याहून धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. नंदा चार दिवस आधीच माहेरी गेली. जाताना म्हणाली, "बाराच्या आत या. सायकलवरचा जावई बघायला अख्खी भावकी जमनार हाये." संक्रांतीला त्याच वाटेनं त्याला चार तास लागले होते, आणि त्यातही निम्मी वाट सायकल हातात धरून. आता भावकीसमोर ढकलत नेली तर सासऱ्याचं नाक कापलं जाणार, आणि आबांचं नाक कापलं गेलं की नंदा तिथंच राहणार. जेवणाच्या दिवशी सकाळी त्याला चहासुद्धा गोड लागेना. शेवटी मनाचा हिय्या करून त्यानं सायकल बाजारात ताजुद्दीन मिस्त्रीकडे नेली.

ताजुद्दीननं सायकल उलटी उभी केली आणि मागचं चाक हातानं फिरवलं. दोन फेऱ्यांत चाक थांबलं.

"ब्रेक घासतोय," तो म्हणाला. सायकलीला होता तो एकच ब्रेक; त्याचे रबर सैल करून त्यानं बाजूला सारले. पुन्हा दोनच फेऱ्या.

"मग चेन." चेन उतरवली. दोनच फेऱ्या.

ताजुद्दीननं चाक काढून मांडीवर घेतलं, आस दोन बोटांनी फिरवून पाहिला आणि मान हलवली. "बजरंगभाऊ, दुखणं पोटात आहे. चाकाच्या मधला हब खोलावा लागेल."

"खोला, पन लवकर. आनि कुटं बोलू नका. माजा संसार हाये त्यात."

"हबमध्ये?"

"व्हय."

ताजुद्दीननं पाना उचलला. छर्रे जागेवर दाबून धरणारे दोन्ही बाजूंचे कोन सोडवताना त्याचा पाना दोनदा घसरला. आत ग्रीस ताजं, छर्रे नवे कोरे. "हे कारखान्याचं काम नाही," तो म्हणाला. "कुणीतरी पाना लावून मुद्दाम आवळलंय. दुश्मनी आहे का कुणाशी?"

बजरंगला एकदम शेडमधला गेणू आठवला. मेल्यानं परवाच विचारलं होतं, सायकल कशी आहे म्हणून!

तेवढ्यात शेजारच्या हॉटेलातला दत्तोबा कपबश्या गोळा करायला आला. छर्रे रॉकेलमध्ये धुवायला ठेवले होते ते नेमके त्याच्या बशीत. "माज्या बशीत घासलेट?" असं ओरडून त्यानं बशी उचलली आणि गटारीत रिकामी केली. मग काय, धोतराचा काचा मारून बजरंग गटारीकाठी उकिडवा बसला. ताजुद्दीन बसला. ओशाळलेला दत्तोबाही बसला. पाऊण तासात अठरापैकी सतरा छर्रे हाती लागले. बजरंग रडकुंडीला आला.

"एकासाठी कशाला रडता?" ताजुद्दीन म्हणाला. "माझ्याकडे डबाभर आहेत."

"मग आपन गटारीत कशापायी हात घातले?"

"तुम्ही बसलात, म्हणून मीही बसलो."

साडेदहाला सायकल जोडून झाली. चाक फिरवलं तर थांबायचं नाव घेईना. बजरंगनं टांग मारली आणि निघाला. वाकसई गेली, कार्ला गेलं, कामशेत आलं. पायडल नुसतं पायाखालून पळत होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याला आपण सायकलवर बसलोय असं वाटलं. मनातल्या मनात त्यानं गेणूला चार शिव्याही हासडल्या.

वडिवळ्याच्या उतारावर खाली जमलेली भावकी दिसली तेव्हा त्यानं ऐटीत ब्रेक दाबला. रबर अजून बाजूलाच होते. घाईत ते ना मिस्त्रीला आठवले होते, ना त्याला; आणि वाटेत ब्रेक लावायची वेळच आली नव्हती.

"बाजूला व्हा!" बजरंग ओरडला. भावकी दोन्हीकडे पांगली, आणि जावईबापू सायकलीसकट भाताच्या पेंढ्याच्या गंजीत शिरले.

हौशीरामांनी धावत येऊन त्याला ओढून काढलं, हातपाय चाचपले. नाक खरचटलं होतं, बाकी सगळं जागेवर होतं. मग त्यांची नजर सायकलीकडे गेली. मागचं चाक अजून गरगर फिरत होतं. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला.

"मिस्त्रीला दावलीत?" नंदा मागून किंचाळली.

बजरंगनं हात जोडले. "चुकलो, मामा. पन सायकलीत खोट न्हवती. कुना वैऱ्यानं मुद्दाम चाक आवळलं हुतं."

हौशीराम खाकरले, पागोटं सारखं करू लागले. "त्यो वैरी मीच, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "नंदी म्हनली, आबा, ह्यांना सायकल नीट येत न्हाई, अन् येत न्हाई आसं त्ये म्हननार बी न्हाईत. उतारावर बैलगाडीच्या चाकाला दांडकं लावतो का न्हाई आपन? तसंच मी दुकानदाराला सांगून चाक जड करून घेटलं."

बजरंगनं नंदाकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि ती खरोखरच रडत होती. "तुमी कामावर गेलात की माजा जीव थाऱ्यावर नसायचा," ती म्हणाली. सहा महिन्यांच्या पोटऱ्यांचा हिशेब विचारावा असं बजरंगच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण इतकी काळजी आपली आजवर कुणी केली नव्हती, हे जाणवून त्यानं तो हिशेब गिळून टाकला. कानातला पेंढा काढत तो जेवायला बसला आणि धोंडे चेपून जेवला.

चार वाजता अनारशांचं गाठोडं घेऊन नंदा कॅरिअरवर बसली. हौशीराम पाना घेऊन आले. आधी त्यांनी ब्रेक नीट बसवला, मग चाकापाशी बसून दोन्हीकडचे कोन थोडे थोडे आवळले.

"बास?" त्यांनी विचारलं.

बजरंगनं मागं वळून पाहिलं. नंदानं त्याचा सदरा मुठीत गच्च धरला होता. लोणावळ्यापर्यंतची सगळी वाट चढाची होती.

"आनखी येक आटा, मामा," बजरंग म्हणाला.