पाच मोजायच्या आत

आमच्या कॉलेजच्या मैदानावर गवत कापायचं यंत्र आहे, वर बसून चालवायचं. शिवाप्पा ते चालवतात, म्हणजे बहुतेक वेळ चालवतच नाहीत. जॅकवर चढवून चाकं हलवून बघतात, बेअरिंगला कान लावतात आणि शिव्या घालतात. यंत्राला नव्हे, आम्हाला. मी खेळाचा शिक्षक, म्हणून माझा वाटा मोठा.

पात्याच्या क्लचपायी तर त्यांनी माझं डोकं उठवलंय. बटण बंद केलं की पाच मोजायच्या आत खालचं पातं थांबलं पाहिजे. रोज मोजतात, तेही मोठ्यानं. पाच झाले आणि पातं फिरतच राहिलं, तर त्या दिवशी गवत तसंच. "पाचाच्या आत न्हाय, तर न्हाय."

घरी निघताना अर्धा तास नळावर. आधी डिझेल, मग ज्वारीचं पीठ, मग साबण, शेवटी नखांत काडी. ऑपरेशनला जाणारा डॉक्टरही एवढे हात धूत नसेल, असं मी एकदा म्हणालो, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा खंडेनवमीला ते सुट्टीवर होते आणि मी घोळ घातला. हत्यारांची पूजा करायची, मग यंत्र मळकं कसं ठेवायचं? गाड्या धुवायच्या जोराच्या फवाऱ्यानं ते वरून-खालून धुतलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. दसरा झाल्यावर शिवाप्पा आले. बेअरिंगमधलं ग्रीस वाहून गेलेलं, क्लचमध्ये पाणी जाऊन गंज. त्यांनी यंत्र सुरू करून बटण बंद केलं आणि मोजलं. नऊ.

"आंघुळ घालायला ही काय देवी हाय व्हय, सर?" एवढं बोलून ते चावी खिशात घालून गेले, ते दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

स्पर्धा चार दिवसांवर, मैदानावर गुडघाभर गवत. पातं नवाला थांबलं म्हणून काय बिघडलं! मी संतापून मोटारसायकल काढली आणि चावी हिसकावूनच आणायची म्हणून सकाळीच नळदुर्गजवळच्या त्यांच्या गावी पोचलो.

शिवाप्पा अंगणात बसून बायकोची वेणी घालत होते. त्या मामींचा उजवा हात मनगटापासून नव्हता.

मी बघतच राहिलो, तेव्हा मामीच म्हणाल्या, "कडबा कुट्टीच्या मशिनीत गेला. ह्यांनी बटन लगीच बंद केलं व्हतं. पर चाक फिरतच ऱ्हायलं."

शिवाप्पांनी मान वर केली नाही. त्या स्वच्छ बोटांनी पेड घालत राहिले. माझा सगळा राग माझ्यावरच उलटला. चावी मागायचं धाडस झालं नाही. क्लच उघडायला मी मदतीला येऊ का, एवढंच विचारलं.

दोन दिवस आम्ही दोघं खपलो. गंज घासला, क्लचमधली फट पुन्हा जुळवली, बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरलं. मग शिवाप्पांनी बटण बंद केलं आणि मी मोठ्यानं मोजलं. चारला पातं थांबलं.

ते नळावर गेले. मी पिठाचा डबा घेऊन मागोमाग गेलो.