चूक पडद्यावर दिसली

मोताळ्यातल्या एका शाळेचा मुलींचा बास्केटबॉल संघ सलग सहावा सामना हरला, तेव्हा मुख्याध्यापक नारायणरावांनी क्रीडाशिक्षक गजेंद्र सरांना बोलावून थंडपणे सांगितलं, की शेगावच्या स्पर्धेत पहिला सामनाही हरलात तर मैदानावरचे दोन्ही खांब उपटून तिथे मोटारसायकली लावायच्या. बारा वर्षं त्या खांबांना सर स्वतःच्या हाताने रंग देत आले होते. त्या दिवशी त्यांना डबा खाववला नाही.

मोठे संघ आपल्याच सामन्याचं चित्रण पाहून चुका शोधतात, हे सरांनी मोबाइलवर पाहिलं होतं. कल्पना त्यांना मनापासून पटली, कारण चुका पोरींच्याच निघणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

बुलढाण्याच्या संघाशी ठरलेल्या सराव सामन्याच्या चित्रणासाठी त्यांनी निवृत्तीला गाठलं. तालुक्यातली निम्मी लग्नं निवृत्तीच्या कॅमेऱ्यातून गेली होती. बास्केटबॉल मात्र तो पहिल्यांदाच पाहत होता. त्याने धंद्यातला प्रश्न विचारला.

"सर, याच्यात मेन मानूस कोन हाये? नवरदेवासारखा. म्हंजे कॅमेरा त्याच्यावरून हालवाचा नाई."

सर पंचांशी वाद घालायच्या घाईत होते. "सारी जबाबदारी माह्यावरच हाये नं," ते म्हणाले. निवृत्तीने मान डोलावली. सराव सामनाही संघ हरलाच.

शनिवारी सरांनी नारायणरावांना आणि पालकांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं. निवृत्ती ऐन वेळी पेनड्राइव्ह घेऊन आला, त्यामुळे आधी पाहून घेणं राहून गेलं. तरी सरांनी छोटंसं भाषण केलंच. कॅमेरा कोणाची भीड ठेवत नाही आणि ज्याची चूक दिसेल तो शेगावला बाहेर बसेल, असं त्यांनी जाहीर केलं.

पडद्यावर आधी गणपती आला. मग गुलाबाच्या पाकळ्यांतून, सनईच्या सुरांवर, गजेंद्र सर संथपणे चालत आले. त्यानंतर सगळा वेळ सरच होते. सर ओरडताना, सर घाम पुसताना, सर पाणी पिताना. चेंडू अधूनमधून कोपऱ्यातून जाई, जेवणापुरत्या आलेल्या पाहुण्यासारखा. सर बंद करायला उठले, पण नारायणराव म्हणाले, "राहू द्या."

तेवढ्यात संघाची कॅप्टन प्रतीक्षा हळूच बोलली. "सर, जरा मांगं घ्या. तुमी अर्पिताचं नाव घेतलं, तं ते चेंडू सोडून तुमच्याकडे पाहून राह्यली."

मागे घेतलं. सरांच्या खांद्यामागे अर्पिता रिकाम्या हातांनी, आदबीने त्यांच्याकडे पाहत उभी होती. पलीकडे बुलढाण्याच्या पोरी बास्केट करून एकमेकींना टाळ्या देत होत्या. पुढे सर पुन्हा ओरडले आणि पाचही चेहरे त्यांच्याकडे वळले. पुन्हा टाळ्या.

"काऊन पाहते वं?" अर्पिताच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, विचारलं.

"सरांनीच तं शिकोलं," अर्पिता रडवेली झाली. "सर बोलले का हातातलं काम सोडून सरांकडंच पाहाचं."

ते खरं होतं. पाचवीपासून त्यांनी ही शिस्त छडी घेऊन लावली होती. नारायणरावांनी चष्मा काढून पुसला. "शेगावला बाहेर कोण बसेल, ते ठरलं तर," ते म्हणाले.

शेगावच्या मैदानाला उंच भिंत होती. सर भिंतीबाहेर चहाच्या टपरीवर बसले. आत त्यांच्या जागी नारायणराव होते. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, म्हणून ते गप्प होते. भिंतीपलीकडे टाळ्या वाजत, पण कोणासाठी ते कळत नसे. पोरी जिंकाव्यात म्हणून सरांनी हात जोडले. मनाच्या तळाशी, त्या हरल्या तर बरं, असंही काहीतरी हललं, आणि सरांना स्वतःची लाज वाटली.

प्रतीक्षा घामाघूम होऊन धावत आली. "सर, जिंकलो. अठ्ठावीस-वीस."

सरांचे डोळे भरून आले. खांब वाचले. गळ्यातली शिट्टी सारखी करून ते उठले. "चाल, पोरींशी बोलतो जरा."

प्रतीक्षा जागची हलली नाही. ती बुटांकडे पाहत राहिली.

"सर, घंटाभरानं दुसरी मॅच हाये," ती म्हणाली. "पोरी म्हने, सरांसाठी आनखी एक चहा सांगून ये."