साउंड कार्डाची साक्ष

वाहनचालकांच्या श्रवणतपासणी कक्षात हेडफोनला नेमके किती व्होल्ट मिळतात, हे मोजणं नियमाने बंधनकारक होतं. त्यासाठी मीटर हवा होता. खरेदी समितीने सखोल विचारांती ठरवलं, की कॉम्प्युटरमध्ये साउंड कार्ड असताना मीटर मागणं ही उधळपट्टी होय. तपासनीसाने मुकाट्याने कार्डात वायर खोचली. पडद्यावर ०.५ उमटलं. त्याने त्यापुढे 'व्होल्ट' लिहिलं आणि साहेबांनी सही केली.

खरं तर कार्डाच्या आवाक्याच्या निम्मं, एवढाच त्या आकड्याचा अर्थ होता. पडद्यावरची, रेकॉर्डिंगचा आवाज कमी-जास्त करायची पट्टी सरकवली की आकडाही सरके. तपासनीसाला हे ठाऊक होतं, पण सही झालेल्या आकड्याशी वाद कोण घालणार?

पुढे साहेबांनी त्याच कॉम्प्युटरवर स्वतःचं भाषण रेकॉर्ड करताना, आवाज भारदस्त यावा म्हणून, पट्टी शेवटपर्यंत चढवली. दुसऱ्या दिवशी आकडा फुगला. तपासनीस शिस्तीचा, त्याने पुन्हा ०.५ येईपर्यंत हेडफोनमधला आवाज उतरवला. तेव्हापासून चालक एकापाठोपाठ एक बहिरे निघू लागले. खात्याने कक्षाच्या वाढत्या कार्यक्षमतेबद्दल समाधान व्यक्त केलं.

मग तपासनीसाच्या थोरल्या बहिणीचे यजमान खुर्चीत येऊन बसले.

"भाऊजी, ऐकू आलं की बटण दाबा."

"अरे, आधी वाजव तरी!"

"वाजतंय."

ताई तणतणत आत आली. "मी स्वयंपाकघरात पुटपुटले तरी ह्यांना बाहेर ऐकू जातं! ह्यांची बस काढून घेतलीस तर आम्ही खायचं काय?"

तपासनीसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने स्वतः हेडफोन लावले. शुकशुकाट! तो साहेबांकडे धावला. "साहेब, पट्टी सरकलीय. मलासुद्धा काही ऐकू येत नाही."

साहेबांच्या चेहऱ्यावर काळजी दाटली. "कधीपासून?"

"माझे कान ठीक आहेत, यंत्र चुकतंय."

"यंत्र प्रमाणित आहे. तुमच्या कानांवर कुणाची सही आहे? बहिऱ्या माणसाला या जागेवर ठेवता येत नाही. जा, पुन्हा नीट ऐका."

तो परतला. त्याने पुन्हा हेडफोन लावले आणि डोळे मिटले.

"माझी शपथ आहे," ताई म्हणाली. "तुला तरी ऐकू आलं का?"

"अगदी स्पष्ट," तो म्हणाला, आणि त्याने भाऊजींच्या बहिरेपणाच्या अहवालावर सही केली.

भाऊजी बाहेर पडले. रस्त्यावर हॉर्न वाजला, तसे ते दचकले आणि मग ओशाळून ताईला म्हणाले, "भास झाला असेल गं."

हसताय? काल रात्री झोप बरी लागली की नाही, हे आज सकाळी तुम्ही आधी मनगटावरच्या स्मार्ट पट्ट्यालाच विचारलंत ना?