साहेबांच्या प्रमोशनचं व्रत

डॉक्टरांनी मला वजन कमी करायला सांगितलं, यात विशेष काही नाही. आमच्या घराण्यात चाळिशीनंतर प्रत्येकाला कोणी ना कोणी हे सांगतंच. विशेष हे, की ते त्यांनी मंजिरीसमोर सांगितलं. मंजिरी म्हणजे माझी बायको. ती घरी शिकवण्या घेते आणि तिच्या हाती लागलेला मुलगा नापास होत नाही, अशी सगळ्या दर्पण कॉलनीत तिची ख्याती आहे. दवाखान्यातून परत येताना स्कूटरवर मागे बसून ती एवढंच म्हणाली, "मिठाई बंद. आजपासून."

मी "हो" म्हणालो. (स्कूटर चालवताना मी वाद घालत नाही. उतरल्यावरही घालत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे.)

घरात मिठाई बंद करणं सोपं होतं. मंजिरीनं डबे उचलून माळ्यावर टाकले आणि मला धीर यावा म्हणून स्वतःच्या चहातली साखरही सोडली. प्रश्न ऑफिसचा होता. आमच्या ऑफिसात काम केव्हा होईल ते सांगता येत नाही, पण मिठाई वेळेवर येते. कोणाचा वाढदिवस, कोणाची नवी गाडी, कोणाचा भाचा पास. बदली झाली की पेढे आणि बदली रद्द झाली की त्याहून चांगले पेढे. शिवाय ग्वाल्हेरात मिठाईला नाही म्हणणं म्हणजे समोरच्याच्या आनंदाला नाही म्हणणं. "अरे, मुँह तो मीठा करो" असं म्हणत माणसं जबडा धरून पेढा आत सारतात.

डाएट आहे असं सांगावं, तर तेही करून पाहिलेला एक बहाद्दर आमच्याकडे होता. त्याला सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "डाएट कल से," आणि त्याच्या वाट्याला उलट दोन लाडू आले. तेव्हा मी स्कूटरच्या स्टँडवरच ठरवलं, की डाएटचं नावसुद्धा काढायचं नाही. व्रत आहे म्हणून सांगायचं. माणूस दुसऱ्याचं डाएट हसत हसत मोडतो, पण व्रत मोडायचं पाप कोणी डोक्यावर घेत नाही.

योजना उत्तम होती. तिच्यात एकच भोक राहिलं होतं, आणि ते शेजारच्या टेबलावरच्या दौलतसिंहांनी पहिल्याच दिवशी शोधून काढलं. त्यांच्या मुलाला कॉलेजात ॲडमिशन मिळाली होती. ते बर्फीचा डबा घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"नको, दौलतसिंहजी. व्रत आहे."

त्यांनी डबा लगेच मागे घेतला. मला अगदी जिंकल्यासारखं वाटलं.

"कशाचं व्रत?" त्यांनी विचारलं.

हे मी ठरवलंच नव्हतं.

"मिठाईचं. म्हणजे, मिठाई सोडली आहे."

"ते समजलं. पण कशासाठी? कधीपर्यंत?"

त्याच वेळी समोर साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं आणि दारावर त्यांच्या नावाची पाटी चकाकत होती. (माणसानं विचार करताना कुठं बघावं, याला फार महत्त्व आहे. मी पंख्याकडे बघितलं असतं तर हे पुढचं काही घडलं नसतं.)

"साहेबांचं प्रमोशन होईपर्यंत," मी म्हणालो.

दौलतसिंह खुर्चीवर बसले. माझ्या खुर्चीवर.

"राघवजी, मान गये," ते हळू आवाजात म्हणाले. "आम्ही इथे साहेबांच्या कुत्र्याला सुई लावायला घेऊन जाऊन राहिलोय, आणि तुम्ही डायरेक्ट वरच अर्जी लावली."

"हे कोणाला सांगू नका," मी म्हणालो.

"बिल्कुल नाही," असं म्हणून ते उठले आणि डबा घेऊन सगळ्या ऑफिसात फिरले.

जेवणाच्या सुट्टीनंतर मला केबिनमध्ये बोलावणं आलं. आमचे साहेब संग्रामसिंह म्हणजे दारात मावत नाहीत असे धिप्पाड गृहस्थ. तरुणपणी आखाड्यात कुस्ती खेळलेले. त्यांचं प्रमोशन भोपाळला कुठल्या तरी कपाटात इतकं जुनं झालं होतं, की त्याचा विषय काढायची कोणाची छाती नव्हती. मी आत गेलो तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून उभे होते.

"राघवजी, मला आत्ता माहीत पडलं," ते म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला. "माझ्या सख्ख्या भावानं माझ्यासाठी कधी पानातला गुलकंद नाही सोडला."

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण एवढा मोठा माणूस डोळे पुसत असताना त्याला 'साहेब, मला फक्त पोट कमी करायचं होतं' असं सांगणं माझ्या जिवावर आलं. मी मान खाली घातली. साहेबांनी तो विनय समजला आणि बेल दाबून फर्मान काढलं, की यापुढे ऑफिसात जेव्हा जेव्हा मिठाई वाटली जाईल, तेव्हा राघवजींसाठी वेगळं नमकीन आलंच पाहिजे. व्रत करणारा माणूस आपल्या ऑफिसात दुसऱ्यांची तोंडं बघत बसता कामा नये.

पाचच मिनिटांत माधवगंजच्या नाक्यावरची गरम कचोरी माझ्या टेबलावर आली. वर बटाट्याची रस्सेदार भाजी. ती नाकारण्यासाठी माझ्याकडे दुसरं व्रत शिल्लक नव्हतं.

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. (हाल हा शब्द मंजिरीसमोर वाचू नये.) एकाला पेढा मिळे तिथे मला कचोरी मिळू लागली. कोणी समोसे आणी, कोणी मुगाच्या भज्यांसारखे मंगोडे कागदात गुंडाळून आणी आणि वर हिरवी चटणी. पूर्वी पेढा एक असायचा. कचोरीला मात्र सोबतीशिवाय यायची सवय नाही. "खाओ राघवजी, इसमें मीठा नहीं है," असं म्हणत लोक श्रद्धेनं माझ्यासमोर उभे राहत. देवाला नैवेद्य दाखवल्यावर देव खात नाही, ही केवढी सोय आहे, हे मला तेव्हा कळलं.

घरी मंजिरी मला दुधी, दोडका आणि पडवळ आलटून पालटून वाढत होती आणि रविवारी काट्यावर उभं करत होती. काटा वर चालला होता. पहिल्या रविवारी ती म्हणाली, शरीर कधी कधी असं करतं. नंतर तिला काट्यावर संशय आला. तिनं शिकवणीच्या मुलांना एकेक करून त्यावर उभं केलं. मुलं बरोबर निघाली. मग ती स्वतः उभी राहिली. ती बारीक झाली होती. तिचे कुर्ते खांद्यावरून घसरायला लागले होते, आणि माझ्या पट्ट्याला मी खिळ्यानं नवं भोक पाडलं होतं.

"तुम्हाला थायरॉइड असेल," ती एका रात्री जेवताना काळजीनं म्हणाली.

मी थायरॉइडवर इतका खूश झालो, की मी पडवळ पुन्हा मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. रिपोर्ट नॉर्मल आला. मंजिरीनं तो दोनदा वाचला आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं. तिचा चेहरा उतरला होता. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. पण किती वाईट वाटलं हे सांगायचं, तर का वाटलं तेही सांगावं लागलं असतं.

ते काम साहेबांनी केलं. रविवारी सकाळी ते न कळवता आमच्या घरी आले. हातात दालमोठ फरसाणाचा भला मोठा डबा. मंजिरीनं त्यांना बसवलं, चहा दिला.

"वहिनी, मी खास तुम्हाला भेटायला आलो," साहेब म्हणाले. "राघवजींसारखा माणूस आजकाल मिळत नाही. माझ्या प्रमोशनसाठी यांनी मिठाई सोडली."

मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं. मी दालमोठच्या डब्यावरची अक्षरं वाचू लागलो.

"यांनी सांगितलं नाही कधी," ती गोड आवाजात म्हणाली.

"सांगणार नाहीतच. पण आम्हीही यांना उपाशी नाही ठेवलं, याची तुम्ही खातरी बाळगा. ऑफिसात कोणीही तोंड गोड केलं, की यांच्यासाठी कचोरी. माझा ऑर्डरच आहे. परवा तर बिचाऱ्यांनी माझ्या आग्रहाखातर चार खाल्ल्या."

"चार," मंजिरी म्हणाली.

साहेब गेले. मंजिरीनं दार लावलं, कपबश्या उचलल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

"थायरॉइड," ती म्हणाली.

पुढचा सगळा दिवस ती दुसरं काही बोलली नाही. संध्याकाळी मी तिच्यासमोर जाऊन बसलो आणि पाटीपासून कचोरीपर्यंत सगळं सांगितलं. तिनं वह्या तपासत ऐकलं.

"खोटं बोललात त्याचं मला काही नाही," शेवटी ती म्हणाली. "पण मी खरंच घाबरले होते. आणि साहेबांसाठी तुम्ही जे खोटं सोडलंत, ते मी तुमच्यासाठी खरं सोडलं. बिनसाखरेचा चहा मला अजिबात आवडत नाही."

 मी म्हणालो, "उद्या साहेबांना खरं सांगून टाकतो."

"पहिल्यांदा ते करा," ती म्हणाली.

सोमवारी मी थेट केबिनमध्ये गेलो. साहेबांनी मला बघताच कचोरीसाठी बेलकडे हात नेला.

"थांबा साहेब, आधी ऐका. ते व्रत..."

फोन वाजला. साहेबांनी उचलला आणि एकदम उभे राहिले. "जी सर. जी. जी सर." प्रत्येक 'जी'ला त्यांची छाती थोडी थोडी फुगत होती. फोन खाली ठेवून ते माझ्याकडे नुसते बघत राहिले.

"भोपाळ," ते म्हणाले. "झालं."

"साहेब, ते व्रत खोटं होतं," मी म्हणालो. अगदी स्पष्ट म्हणालो. पण तोवर टेबलाला वळसा घालून साहेब माझ्यापर्यंत पोचले होते, आणि आखाड्यातल्या जुन्या सवयीनं त्यांनी मला कमरेला धरून वर उचललं.

आता, डॉक्टरांकडे गेलो त्या दिवशी त्यांनी मला उचललं असतं, तर कदाचित निभावलं असतं. मधल्या सगळ्या कचोऱ्या मात्र साहेबांच्या हिशेबात नव्हत्या. माझे पाय जमिनीपासून वीतभर वर गेले, त्यांच्या कमरेतून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला, आणि आम्ही दोघेही सोफ्यावर पडलो. मी वर होतो, म्हणून मला लागलं नाही.

ऑफिस धावत आलं. साहेबांना सोफ्यावर आडवं केलं, कोणी मलम आणलं, आणि दौलतसिंहांनी पेढे आणले. साहेबांनी पडल्या पडल्या पहिला पेढा हातात घेतला. "आधी राघवजी," ते कण्हत म्हणाले. "व्रत माझ्या हातानं सुटेल."

मी सगळ्यांसमोर हात जोडले. "साहेब, मला डॉक्टरांनी गोड मना केलं आहे. ते व्रत नुसता बहाणा होता. तुमच्या प्रमोशनशी माझा काही संबंध नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग दौलतसिंह म्हणाले, "बघा. याला म्हणतात बडप्पन. क्रेडिटसुद्धा नाही घेत."

लोकांचे डोळे भरून आले आणि साहेबांनी पेढा माझ्या तोंडात सारला.

दुपारी दौलतसिंह खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "मुलीचं लग्न जमून नाही राहिलं," ते म्हणाले. "तिच्यासाठी तुम्ही समोसा सोडाल का? तुमच्या सोडण्यात दम आहे." त्यांच्या मागे अकाउंट्सचे दोघे उभे होते. त्यांतल्या एकाला भिंडची बदली टाळायची होती आणि त्यासाठी त्याला माझी इमरती, म्हणजे ती उडदाची जिलबी, सुटायला हवी होती. मी डोकं दुखतंय म्हणून लवकर निघालो.

घरी मंजिरी वाट बघत होती.

"सांगितलंत खरं?"

"सांगितलं. दोनदा."

"मग?"

"साहेबांची कंबर धरली."

पूर्ण हकिकत ऐकताना ती आधी ओठ दाबून बसली आणि मी सोफ्यावर साहेबांच्या अंगावर पडलो तिथे आल्यावर तिला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. मला इतकं हलकं वाटलं, की भरात येऊन मी म्हणालो, "मंजिरी, आता तुझ्यासाठी एक व्रत घेतो. खरं. कचोरी, समोसे, मंगोडे, सगळं बंद."

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे मायेनं पाहिलं. "खरंच?"

"शपथ. कधीपर्यंत, ते तू सांग."

"माझं प्रमोशन होईपर्यंत."

मी जरा विचार केला. "अगं, पण तू तर घरी शिकवण्या घेतेस. तुला प्रमोशन कोण देणार?"

"तुमची तर वरपर्यंत ओळख आहे ना," ती म्हणाली, "विचारून ठेवा." आणि माझ्या ताटात तिनं दुधीची भाजी वाढली.